पहिली शॉर्टफिल्म करायचीये, कॅमेऱ्याचं स्टार्टर बंडल घेऊ की सुटं सुटं?

कट_बोला

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक शॉर्टफिल्म करतोय. दहाएक मिनिटांची, दोन पात्रं, बराचसा भाग एका खोलीत रात्रीचा आणि एक मोठा सीन गच्चीवर भर दुपारचा. स्क्रिप्ट तयार आहे, नट तयार आहेत (दोघंही घरचेच, पळून जाणार नाहीत), नाहीये तो फक्त कॅमेरा. एंट्री लेव्हल मिररलेस घ्यायचा इथपर्यंत आमचं एकमत झालंय पण तोच कॅमेरा दोन प्रकारे मिळतोय. एक म्हणजे बॉडी आणि सोबत किट लेन्स, बस्स. दुसरं म्हणजे "फिल्ममेकर स्टार्टर बंडल", त्यात बॉडी, तीच लेन्स, शिवाय एक लांबची झूम लेन्स, लेन्सवर फिरवून बसवायचे वाइड आणि टेली कन्व्हर्टर, तीन फिल्टर, फ्लॅश, छोटा माइक, एलईडी लाइट, एक मोठा ट्रायपॉड, एक चिमुकला वाकडातिकडा होणारा ट्रायपॉड, कार्ड, जादा बॅटरी, बॅग, लेन्स पुसायचं सामान... मोजायला बसलं तर वीस-बावीस वस्तू होतात आणि वरचे पैसे त्यामानाने फार नाहीत.

भाऊ म्हणतो डोळे झाकून बंडल घे, एकदाच काय तो खर्च होऊन जाऊदे. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकतेय. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा ना, यातलं खरंच कामाला काय येतं?

मंद्रसप्तक

बॅग. बॅग नक्की येते :)

लेन्सकाका

आधी एक गुंता सोडवू, कारण दोन वेगळ्या वस्तूंना इथे एकच नाव पडलंय. कंपनी स्वतः कारखान्यात जो डबा भरते ते किट वेगळं, म्हणजे बॉडी आणि लेन्स, फार तर दुसरी झूम, आणि हल्ली व्लॉग करणाऱ्यांसाठी माइक आणि हातात धरायची ग्रिप वगैरे. आणि विक्रेता त्याच डब्याभोवती इकडची तिकडची भर बांधून विकतो ते बंडल वेगळं. पहिल्याला माझी काहीच हरकत नाही, उलट किट लेन्स बॉडीबरोबर घेतली तर जेवढ्यात पडते तेवढ्यात नंतर सुटी नवी काही मिळत नाही, तेव्हा ती घ्याच.

दुसऱ्याचं सांगतो. ती यादी नीट वाचा, ती फिल्म करणाऱ्याची यादीच नाहीये, फोटो काढणाऱ्याची आहे, आणि तीही रोलच्या जमान्यातल्या. फ्लॅश क्षणभर चमकतो, व्हिडिओत त्याचं काय करणार, सीनमध्ये वीजच पाडायची असली तर गोष्ट वेगळी. तीन फिल्टर म्हणजे बहुतेक यूव्ही, सीपीएल आणि एफएलडी, हे त्रिकूट ठरलेलं असतं. यूव्ही रोलला लागायचा, डिजिटल सेन्सरच्या पुढ्यात अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते, म्हणजे तो आता फक्त लेन्सवर ओरखडे पडू नयेत म्हणून, आणि स्वस्तातला असेल तर रात्री फ्रेममध्ये दिवा आला की शेजारी त्याचं भूत उमटतं. एफएलडी हा ट्यूबलाइटखाली डेलाइट रोल हिरवट यायचा त्यावरचा उतारा, ते काम आता कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सच (रंगाची झाक सुधारणारी सेटिंग) करतो. सीपीएल कामाचा आहे, काचेवरची पाण्यावरची चकाकी मारायला. पण तुम्हाला दुपारच्या गच्चीवर जो फिल्टर खरोखर लागणार तो एनडी, म्हणजे रंग न बदलता नुसता प्रकाश कमी करणारी काळपट काच, आणि तोच यादीत नाही. फिल्ममेकर बंडल म्हणे!

वाइड-टेली कन्व्हर्टर तर सोडूनच द्या. मधोमध बरं दिसतं, कडेला सगळं ताणलेलं, दिव्यांना जांभळ्या कडा, आणि तो सगळा भार किट लेन्सच्या प्लास्टिकच्या नळीवर लोंबकळतो.

राहिला ट्रायपॉड, ज्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. हातात घेऊन बघायला मिळत असेल तर एवढं करा: पाय पूर्ण उघडा, कॅमेरा लावा, लेन्स पूर्ण झूम करा, रेकॉर्डिंग सुरू करून हँडलने अगदी हळू डावीकडून उजवीकडे पॅन करा. हेड (ट्रायपॉडचा कॅमेरा बसतो तो वरचा भाग) आधी हलतच नाही, तुम्ही जोर वाढवत जाता आणि मग अडकलेला ड्रॉवर सुटावा तसं ते एकदम पुढे जातं. थांबवलं की हँडलची दांडी जी वाकलेली असते ती सरळ होते आणि फ्रेम थांबल्यावर पुन्हा बोटभर मागे येते. फोटोला हे चालून जातं कारण फोटोत कोणी पॅन करत नाही. व्हिडिओला फ्लुइड हेड लागतं, त्यात आत घट्ट वंगण असतं म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच अडसर मिळतो. तो महाग असतो, माहितीये, पण तो कॅमेऱ्याच्या कित्येक पिढ्या टिकतो.

हिशोबी_माणूस

काकांशी सहमत. फक्त हिशोबाची एक रीत सांगतो, ती कुठल्याही बंडलला लागू पडते. यादी कागदावर उतरवा, ज्या वस्तू तुम्ही स्वतः होऊन कधीच विकत घेतल्या नसत्या त्यांवर काट मारा. उरलेल्या वस्तू सुट्या घेतल्या तर किती होतात ते बघा आणि बंडलच्या वरच्या पैशांशी ताडून बघा. कट_बोला यांच्या यादीत काट मारून माझ्या मते उरतं काय, तर कार्ड, बॅटरी, बॅग आणि फार तर ती दुसरी लेन्स. बावीसातल्या चार.

आणि त्या चारांतही कार्ड कुठलं ते विचारा. कार्डावर मोठ्या अक्षरात जो वेग छापतात तो बहुतेक वेळा वाचनाचा असतो, आपल्याला लिहिण्याचा हवा. व्ही३० असा शिक्का असेल तर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सतत लिहिण्याची हमी, नुसतं क्लास १० असेल तर किमान १० ची. कॅमेऱ्याचं ४के सेकंदाला साधारण १०० मेगाबिटचं धरलं तर (आठ बिटचा एक बाइट) सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात, म्हणजे क्लास १०ची हमी अपुरी पडते आणि रेकॉर्डिंग मधेच थांबू शकतं. त्याच हिशोबाने ६४ जीबीच्या कार्डावर साधारण पंच्याऐंशी मिनिटं मावतात. बिननावाचं कार्ड असेल तर आधी पूर्ण भरून तपासा, एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, खोट्या क्षमतेची कार्डं त्यात लगेच उघडी पडतात.

अजून एक, बंडलमध्ये कॅमेऱ्याची वॉरंटी कोणाची आहे ते लेखी घ्या. दुसऱ्या देशासाठीचा माल आत भरलेला असतो असेही प्रकार चालतात, तिथे कंपनी हात वर करते आणि विक्रेत्याचं "आमची वॉरंटी" एवढंच उरतं. बिलावर सीरियल नंबर हवा.

शिकवणी_चालू

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. मी मुलांची फिल्मची कार्यशाळा घेतो आणि माझ्या अनुभवात पहिली फिल्म अडते ती वाईट ट्रायपॉडमुळे नाही, ट्रायपॉडच नसल्यामुळे अडते. सुटं सुटं घेऊ म्हणणारा माणूस बॉडी घेतो, मग कुठला माइक यावर महिनोन्महिने व्हिडिओ बघत बसतो, मग फ्लुइड हेड परवडत नाही म्हणून थांबतो, आणि तोवर नट दुसऱ्या गावाला गेलेले असतात. बंडलवाल्याकडे पहिल्या रविवारी सगळं असतं, भिकार का होईना.

तो ट्रायपॉड पॅनला बेकार आहे हे शंभर टक्के मान्य. मग पॅन करू नका ना! स्थिर फ्रेम लावा, मधला दांडा वर काढू नका, खाली पिशवी लटकवा, आणि पात्रांना फ्रेममध्ये आत-बाहेर जाऊ द्या. मुलं यातून ब्लॉकिंग, म्हणजे पात्रांनी कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं ते, शिकतात, जे भारी हेडवर उगाच कॅमेरा फिरवत बसणाऱ्यांना येत नाही. लांबच्या झूमलाही नावं ठेवू नका, गच्चीच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला नट असला की मागच्या इमारती कशा अंगावर येतात ते एकदा बघा. आणि हो, छोटा एलईडी थेट तोंडावर मारला तर भुतासारखा दिसतो, पण पांढऱ्या भिंतीवर मारून परतवला तर एका चेहऱ्याच्या क्लोजअपला पुरतो.

कन्व्हर्टर आणि एफएलडीची वकिली मात्र मी करणार नाही, ते मुलांना खेळायला देतो.

लेन्सकाका

@शिकवणी_चालू, मुद्दा पोचला, पण तुमच्या कार्यशाळेत तुम्ही स्वतः उभे असता आणि "पॅन करू नकोस" म्हणून सांगता. घरी एकटा असलेला नवखा माणूस फुटेज हलतंय बघून समजतो की आपल्यालाच जमत नाही. आणि एकदा बंडलचा ट्रायपॉड आला की चांगला घेणं वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

शिकवणी_चालू

नाही जमणार काका :) पण चर्चा चांगली चाललीये.

फोनवालाच_बरा

एवढी भवति न भवति कशाला? खिशात फोन आहे, ४के करतो, स्टॅबिलायझेशन कुठल्याही किट लेन्सपेक्षा बरं. २०१५ चा टँजरीन हा सिनेमा आयफोन ५एसवर शूट झाला आणि थेटरात लागला. कॅमेऱ्याचे पैसे नटांच्या प्रवासावर घाला.

ध्वनीवेडी

टँजरीनचं उदाहरण प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं जातं. फोनवर अ‍ॅनामॉर्फिक अडॅप्टर (चित्र जास्त रुंद घेणाऱ्या, पुढे लावायच्या लेन्स) लावले होते आणि आवाज फोनवर घेतलेलाच नव्हता, तो वेगळा, व्यावसायिक साहित्यावर रेकॉर्ड केला होता. म्हणजे त्यांनी कॅमेऱ्यात वाचवलं आणि आवाजात नाही वाचवलं, आणि बंडल नेमकं याच्या उलटं करतं.

आता मूळ धाग्याकडे येते, कारण एवढे प्रतिसाद झाले तरी माइकचं नाव कोणी नीट घेतलं नाही (नेहमीचंच). बंडलमधला छोटा माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. अडचण माइकच्या किमतीपेक्षा त्या जागेची जास्त आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. नट कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर असेल आणि माइक त्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणता येत असेल तर तो फरक १२ डेसिबलचा, आणि पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच. त्यामुळे साधा लॅपल माइक शर्टाच्या बटणपट्टीत लपवला तर डोक्यावरच्या बऱ्यापैकी भारी शॉटगनलाही (समोरचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) खोलीत तो मागे टाकतो.

घरी लगेच करता येणारी गोष्ट: एकच संवाद दोनदा रेकॉर्ड करा, एकदा फोन कॅमेऱ्याशेजारी ठेवून आणि एकदा तोच फोन नटाच्या छातीजवळ फ्रेमच्या जेमतेम बाहेर धरून. मग डोळे मिटून दोन्ही ऐका. पहिल्यात "त" आणि "थ" वेगळे ऐकू येत नाहीत, शब्दाच्या शेवटी भिंतीचा आवाज चिकटलेला असतो. बंडलच्या माइकने कॅमेऱ्यावरून साधारण तसंच येणार.

कॅमेरा निवडतानाच हेडफोनचं छिद्र आहे का बघ. माइकचं छिद्र असतं पण हेडफोनचं नसतं अशा एंट्री लेव्हल बॉडी बऱ्याच आहेत, कॅननच्या आर५०ला नाही, निकॉनच्या झेड३०ला नाही, सोनीच्या झेडव्ही-ई१०ला आहे. ऐकता येत नसेल तर माइकची वायर सैल आहे हे घरी येऊन कळतं. फोनचा लॅपल कॅमेऱ्यात लावायचा असेल तर पिन बघ, फोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर दोन, सरळ खुपसली तर कधी आवाजच येत नाही, मधे छोटा अडॅप्टर लागतो. नाहीतर सरळ नटाच्या खिशात दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेव आणि प्रत्येक टेकच्या आधी टाळी वाजव, एडिटिंगमध्ये टाळीवर टाळी बसवली की झालं. चित्र मात्र फोनवर घेणार असशील तर सावध, बरेच फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करतात आणि लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटे होतात.

शूटच्या वेळी पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केलास की त्यात गाडीची किल्ली ठेव, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. आणि सगळे गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेव, संवाद कापताना मधल्या जागा भरायला लागतो.

मंद्रसप्तक

किल्ली फ्रीजमध्ये ही आयडिया जबरदस्त. प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवलाय.

वाइड_अँगल

खोलीत शूट आहे म्हणालात म्हणून. बॉडी घेताना ४केला फ्रेम कापली जाते का ते बघा, जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं. कॅननच्या एम५०चं उदाहरण घ्या, सोबतची १५-४५ लेन्स फुलफ्रेमच्या (म्हणजे जुन्या ३५ एमएम रोलएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २४ एमएमएवढं रुंद दाखवते, पण ४के लावलं की अजून १.६ पट कापाकापी, म्हणजे तीच लेन्स ३८च्या आसपास जाते (आकडा मोठा तेवढं दृश्य अरुंद) आणि वर तिचा चांगला ऑटोफोकसही ४केमध्ये बंद. लहान खोलीत ३८ म्हणजे तुमची पाठ भिंतीला आणि तरी दोन पात्रं मावत नाहीत. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू केलं तर त्यातूनही आणखी कापतं. अशा वेळी सरळ १०८०त शूट करा, शॉर्टफिल्मला कोणी नाक मुरडत नाही.

आणि मग लोक त्या बंडलमधला वाइड कन्व्हर्टर बाहेर काढतात. असो.

कट_बोला

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. ध्वनीवेडीताई, तुमचा प्रयोग काल रात्रीच केला, भाऊ एका मिनिटात गप्प झाला. आता तो म्हणतो माइक आधी, कॅमेरा नंतर.

काका, दोन शंका. गच्चीवर एनडी लागेलच असं तुम्ही ठामपणे म्हणालात, ते कसं? कॅमेरा ऑटोवर ठेवला तर उन्हात आपोआप जुळवून घेतो ना? आणि रात्रीच्या खोलीसाठी किट लेन्स चालेल का, की ५० एमएम एफ १.८ घेऊ, सगळे तीच सुचवतात.

लेन्सकाका

जुळवून घेतो, कसं घेतो ते महत्त्वाचं. ऑटोवर तो शटरचा वेग वाढवत नेतो, १/१००० च्याही वर, आणि मग प्रत्येक फ्रेम इतकी कोरीव येते की चालणारा माणूस तुकड्यातुकड्यात चालल्यासारखा दिसतो. डोळ्याला सवय असते ती फ्रेमच्या निम्म्या वेळ उघड्या शटरची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०.

आता हिशोब बघा. भर उन्हाचा जुना ठोकताळा, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० असताना शटर १/१०० आणि एफ १६; एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान. आपण शटर १/५० केलं म्हणजे प्रकाश दुप्पट आत आला, म्हणून एफ २२. एफ २२ला एकतर चित्र मऊ पडतं, वर मागची पाण्याची टाकी, तारा, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे सगळं चेहऱ्याइतकंच स्पष्ट. तुम्हाला एफ ४ हवं. २२, १६, ११, ८, ५.६, ४, पाच पायऱ्या म्हणजे पाच स्टॉप, दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणून तो ३२ पट कमी करणारा एनडी ३२. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारायला सोपं जावं म्हणून फिकट चित्र रेकॉर्ड करायची सेटिंग) वापरलं तर बऱ्याच बॉडीत आयएसओ ८००च्या आसपासच सुरू होतो, म्हणजे अजून तीन स्टॉप. पहिल्या फिल्मला लॉग नकोच, त्यातून बॉडी ८ बिटची असेल तर मुळीच नको, रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात, ताणल्या की आकाशात पट्टे पडतात. १० बिटला त्या १०२४ असतात म्हणून तिथे निभतं. फिरवून कमीजास्त करायचा व्हेरिएबल एनडी घेतलात तर शेवटच्या टोकाला नेऊ नका, फ्रेमवर काळी फुली उमटते, वाइडला जास्तच.

खोलीचं म्हणाल तर किट लेन्सची अडचण अंधारापेक्षा दुसरीच आहे. तिच्यावर एफ ३.५-५.६ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १८ वर ३.५ आणि झूम करत ५५ वर गेलात की ५.६, म्हणजे प्रकाश अडीचपट कमी. टेक चालू असताना झूम केलंत तर चित्र डोळ्यादेखत काळवंडतं किंवा कॅमेरा आयएसओ चढवून दाणे आणतो. उपाय सोपा आहे, आधीच एफ ५.६ वर ठेवून लाइट करा, नाहीतर झूमला हातच लावू नका, लेन्स १८, २५, ३५ अशी ठरवून घ्या आणि पुढेमागे व्हायचं ते पायांनी व्हा. शिवाय या लेन्सची फोकसची रिंग नुसती मोटरला निरोप देते, जोरात फिरवली तर वेगळी आणि हळू फिरवली तर वेगळी, त्यामुळे हाताने फोकस एका पात्रावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि दर टेकला तिथेच आणायचा हे फार जिकिरीचं. चेहरा ओळखणारा ऑटोफोकस ते काम बऱ्यापैकी करतो, त्याच्यावर सोडा.

५० एमएम एफ १.८ ही ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश घेते हे खरं, पण एपीएस-सी बॉडीवर (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) ती ७५-८० सारखी दिसते, लहान खोलीत फक्त डोकी येतील. घ्यायचीच तर ३५ ची बघा. आणि ती उघडी ठेवून अंधारात शूट करायचा मोह टाळा, एफ १.८ वर नटाने मान हलवली की फोकस गेला. त्या पैशात एक बरा एलईडी आणि थर्माकोलची पांढरी शीट घेतलीत तर रात्र जास्त चांगली दिसेल. रात्र म्हणजे काळोख असं नसतं, एका बाजूने दिवा आणि दुसरी बाजू सोडून दिलेली. खोलीतले दिवे लुकलुकताना दिसले तर शटर विजेच्या हर्ट्झशी जुळतंय का बघा, ५० हर्ट्झला १/५०, ६० ला १/६०.

हिशोबी_माणूस

काकांच्या यादीत एक भर. फ्लुइड हेडचा ट्रायपॉड आणि लाइट भाड्याने घ्या. शूट दोन-तीन दिवसांचं, त्यासाठी विकत कशाला? कॅमेराही आधी एक दिवस भाड्याने आणून त्याच खोलीत चाचणी घेतलीत तर मेनू हाताला बसतो का, तासाभराच्या ४केनंतर गरम होऊन बंद पडतो का, हे बाहेरच्या कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा नीट कळेल. जुन्या बॉडींत एका क्लिपला २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असते (युरोपात त्याहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरून वेगळा कर लावायचे, त्याचं हे फळ), पण शॉर्टफिल्मच्या टेकला त्याने काही बिघडत नाही.

शिकवणी_चालू

भाड्याचं पटलं, यावर काका आणि मी सहमत होऊ शकतो :) फक्त शूटच्या आदल्या रात्री आणू नका, त्याच्याही एक दिवस आधी आणून पाय उघडून बघा, क्विक रिलीजची पट्टी (कॅमेऱ्याच्या बुडाला लावून हेडमध्ये अडकवायची) हमखास गहाळ असते आणि ती नसली की अख्खा ट्रायपॉड शोभेचा.

कट_बोला

ठरलं मग. बॉडी आणि किट लेन्स कंपनीच्या डब्यातली, हेडफोनचं छिद्र असलेली. दोन लॅपल, एक व्ही३० कार्ड, कंपनीचीच एक जादा बॅटरी. ट्रायपॉड आणि एलईडी भाड्याने. एनडी विकत घ्यायचाय पण तो कुठल्या मापाचा घ्यायचा ते कळत नाहीये, नुसतंच ४९, ५५, ६७, ७७ असं लिहिलेलं दिसतं. लेन्सवरच्या १८-५५ मधल्या ५५ शी त्याचा संबंध आहे का?

लेन्सकाका

काही संबंध नाही, बरेच जण तिथेच फसतात. ते फोकल लेंग्थचे आकडे, आणि फिल्टरचं माप म्हणजे लेन्सच्या तोंडाचा व्यास. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला गोलावर तिरपी रेघ असलेलं चिन्ह असतं, त्याच्यापुढचा आकडा तुमचं माप. पण नेमक्या त्याच मापाचा घेऊ नका, पुढे दुसरी लेन्स आली की तो वाया जाईल. ६७ किंवा ७७ चा एकच बरा एनडी घ्या आणि तुमच्या लेन्सच्या मापाची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) घ्या, ती अगदी किरकोळ असते. रिंग लावल्यावर लेन्सचा हूड (काचेवर ऊन येऊ नये म्हणून पुढे लावायचं कडं) बहुधा बसणार नाही आणि गच्चीवर ऊन थेट काचेवर येईल, तेव्हा मावसभावाला एक मोठा पुठ्ठा देऊन फ्रेमच्या बाहेर सावली धरायला उभा करा.